शेकड्यातले तीन रुपये

पतपेढीच्या वार्षिक सभेला जे गेले असतील त्यांना अहवालाचा थाट ठाऊक आहे. सभासद इतके वाढले, कर्जवाटप इतके झाले, चिटणिसांचे आभार आणि चहापान. कामगारांच्या अशाच एका पेढीच्या कमिटीवर मी वर्षे काढली आणि तसले अहवाल मोठ्या आवाजात वाचलेही. आमचा सभासद पेढीतून कर्ज घेऊन पुन्हा सावकाराच्या दारी किती जातो, हा आकडा त्यात कधी नसे. आम्ही तो विचारलाच नव्हता.

खेड्यापाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला तो १९५१ साली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या, त्याला अर्धे शतक होत आले होते. रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे, एवढा या पाहणीचा पसारा. संस्थांची दप्तरेही तपासली गेली. पण खरी मेख अशी की, कर्ज काढणाऱ्यालाच त्याच्या उंबऱ्यावर जाऊन विचारले, ‘बाबा, तू पैसा आणलास कोठून?’

मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. टक्केवारी मला रुपया-आण्यांत मांडल्याखेरीज कळत नाही. तेव्हा असे पाहा : शेतकऱ्याने शंभर रुपये कर्ज काढले, तर त्यातले जवळजवळ सत्तर सावकाराचे, चौदा नात्यागोत्यातले, सरकारचे सव्वातीन आणि सहकारी संस्थांचे तीन रुपये दीड आणा! पन्नास वर्षांच्या अहवालांची, आभारांची, चहापानांची ही बेरीज. शिवाय जे काही दिले जाई तेही पुष्कळदा गरजवंतापर्यंत पोचत नव्हते.

१९५४ साली हा अहवाल आला. इतका नापास निकाल हाती आल्यावर दुसरा कोणी संस्थांना टाळे लावा म्हणाला असता. समितीने उलट सांगितले : सरकारने भागभांडवल घालून भागीदार व्हावे, कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालावी, गोदामे बांधावीत. तिच्याच शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

विचारण्याचा रिवाज पुढेही राहिला. ग्रामीण कुटुंबांच्या अंगावरील कर्जात बँका, सहकारी संस्था व सरकार यांचा मिळून वाटा १९९१ साली ६४ टक्के होता. २००२ साली तो ५७ वर उतरलेला दिसला. अहवाल मात्र त्या काळातही वाढीचेच छापले जात होते, हे मी पैजेवर सांगतो.

हे सारे वाचल्यावर आम्ही आमच्या पेढीच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना वाढवला : ‘बाहेरचे देणे किती?’ पहिल्या वर्षी निम्म्या सभासदांनी तो कोराच ठेवला.