पांगलेल्यांचा पत्ता

१९३७ सालच्या आरंभी सिसिली बेटावरील पालेर्मो विद्यापीठात बर्कलीहून एक पत्र आले. पत्रासोबत मॉलिब्डेनम धातूची एक पातळ पट्टी होती. अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉन यंत्रातून काढून टाकलेली ही पट्टी तशी निरुपयोगीच. पण दीर्घकाळ कणांचा मारा सोसल्यामुळे ती किरणोत्सर्गी झाली होती. पालेर्मोत सायक्लोट्रॉन नव्हता आणि तो उभारण्याइतका पैसाही नव्हता. तेथील भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक एमिलिओ सेग्रे आदल्या वर्षी बर्कलीला जाऊन आला होता, आणि तेवढ्या ओळखीवर हे पाकीट आले होते. सेग्रे आणि त्याचा खनिजशास्त्रज्ञ सहकारी कार्लो पेरिए यांनी त्या पट्टीचे रासायनिक पृथक्करण केले आणि आवर्तसारणीतील ४३ क्रमांकाची रिकामी जागा भरून काढली. मानवाने कृत्रिम रीत्या निर्माण केलेले ते पहिले मूलद्रव्य. टेक्नेशियम हे त्याचे नाव मात्र पुढे १९४७ मध्ये ठेवले गेले.

आंतरराष्ट्रीय संशोधन-सहकार्य म्हटले की करार, अनुदाने आणि समित्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. या प्रसंगात त्यांतले काहीच नाही. एक ओळख, एक पाकीट आणि दुसऱ्याच्या टाकाऊतून आपले काम साधण्याची जिद्द, एवढ्यावर हे सहकार्य उभे राहिले. पण त्यानंतर दीडच वर्षाने पालेर्मोचा तो पत्ता निकामी झाला. १९३८ च्या उन्हाळ्यात सेग्रे पुन्हा बर्कलीला गेला असता इटलीत ज्यूविरोधी वांशिक कायद्यांना सुरुवात झाली आणि त्याचे प्राध्यापकपद गेले. पाहुणा म्हणून आलेला माणूस एका रात्रीत निर्वासित झाला.

या कालखंडाबद्दल लिहिताना 'इटलीचे नुकसान तो अमेरिकेचा लाभ' असे एक वाक्य सहज लिहिले जाते. ते खोटे नाही. पण ती जमाखर्चाची भाषा आहे, आणि तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे देशत्याग आणि सहकार्य या एकच गोष्टी नव्हेत. दुसरी अशी की, गेलेल्यांची नावे लक्षात ठेवताना मागे राहिलेला माणूस आपण विसरतो. वस्तुतः इटलीच्या कथेत देशत्यागाचे रूपांतर सहकार्यात झाले ते बऱ्याच अंशी त्या मागे राहिलेल्या माणसामुळे.

कथेचा आरंभ रोममधील व्हिया पानिस्पेर्ना या रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत होतो. संस्थेचा संचालक ओर्सो मारिओ कोर्बिनो याने १९२६ मध्ये पंचविशीतल्या एन्रिको फर्मीसाठी सैद्धान्तिक भौतिकीचे अध्यासन मिळवले आणि त्याच्याभोवती तरुणांचा एक मेळा जमवला. फ्रांको रासेत्ती, सेग्रे, एत्तोरे मायोराना, एदोआर्दो आमाल्दी, ब्रूनो पोंतेकोर्वो ही त्यांतली काही नावे. या मंडळींनी एकमेकांना टोपणनावे ठेवली होती. कधीच न चुकणारा फर्मी हा 'पोप', रासेत्ती 'कार्डिनल', प्रत्येक मांडणीवर शंका घेणारा मायोराना 'महाधर्मपरीक्षक', तर तापट सेग्रे 'बॅसिलिस्क', म्हणजे दंतकथेतला नुसत्या नजरेने मारणारा सर्प. १९३४ मध्ये याच मंडळींनी एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि ऑक्टोबरात मंदगती न्यूट्रॉनांचा परिणाम शोधून काढला. त्यांची छोटी टिपणे 'ला रिचेर्का शिएन्तिफिका' या इटालियन नियतकालिकात तातडीने छापली जात. आमाल्दीची पत्नी जिनेस्त्रा तेथेच काम करीत असे. जगाने दखल घ्यावी अशा तोडीचे संशोधन इटालियन भाषेत लिहिले जात होते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

हा मेळा एकाएकी मोडला नाही. जानेवारी १९३७ मध्ये कोर्बिनो वारला आणि वरचे छत्र गेले. पोंतेकोर्वो आधीच पॅरिसला गेला होता. मार्च १९३८ मध्ये पालेर्मोहून नेपल्सला निघालेला मायोराना कायमचा नाहीसा झाला. त्या गूढावर लेओनार्दो शाशाने १९७५ मध्ये एक पुस्तकच लिहिले. जुलैत वंशविषयक जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि सप्टेंबरपासून कायदे येऊ लागले. फर्मी स्वतः ज्यू नव्हता, पण त्याची पत्नी लॉरा ज्यू होती. येथे फर्मीला हुतात्मा करण्याचे कारण नाही. मुसोलिनीने स्थापलेल्या शाही अकादमीचा तो १९२९ पासून सदस्य होता आणि तोवर राजवटीशी त्याने जमवून घेतले होते. आग स्वतःच्या घरापर्यंत आली तेव्हा तो निघाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि स्टॉकहोमची वाट मोकळी झाली. सहा महिन्यांसाठी अमेरिकेत व्याख्याने देण्यास जातो, असे त्याने सरकारला सांगितले होते. परतायचे नाही हे मात्र आधीच ठरले होते.

लॉरा फर्मीने आपल्या आठवणींत ६ डिसेंबर १९३८ च्या निरोपाचा प्रसंग सांगितला आहे. रोमच्या स्थानकावर रासेत्ती आणि आमाल्दी पती-पत्नी आले होते. जिनेस्त्रा ही लॉराची जवळची मैत्रीण. दोघींनी मिळून १९३६ मध्ये अणुविज्ञानावर एक लोकप्रिय पुस्तकही लिहिले होते. त्या दिवशी जिनेस्त्रा स्पष्ट बोलून गेली. फर्मीच्या भरवशावर शिकायला आलेल्या तरुणांचा हा विश्वासघात आहे, असा तिचा रोख होता. आमाल्दीने लगेच तिला अडवले; दोष फर्मीचा नव्हे, फॅसिस्ट राजवटीचा आहे, असे तो म्हणाला. मला हा संवाद या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटतो. दोघेही खरे बोलत होते. राजवट दोषी होती, हे खरेच. आणि वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा गुरू निघून गेला होता, हेही तितकेच खरे.

गेलेल्यांच्या वाट्याला काय आले? सेग्रे आता कोठेही जाऊ शकत नाही हे ध्यानात आल्यावर लॉरेन्सने त्याचे मासिक वेतन ३०० डॉलरांवरून ११६ डॉलरांवर आणले, असे सेग्रेने आत्मचरित्रात नमूद केले आहे. बर्कलीहून मॉलिब्डेनमचे पाकीट धाडणारा हात आणि वेतन कापणारा हात एकाच माणसाचा होता, हे विसरता येत नाही. पाडुआ विद्यापीठात ब्रूनो रॉसीने विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी नवी संस्था उभारली होती. ती पुरी होते न होते तोच त्याला ती सोडावी लागली. कोपनहेगन, मँचेस्टर, शिकागो अशी ठिकाणे बदलत तो अमेरिकेत स्थिरावला. रासेत्ती कॅनडातील क्वेबेकला गेला. युद्धासाठीच्या अण्वस्त्र-संशोधनात सामील होण्यास त्याने नकार दिला आणि पुढे तो भौतिकी सोडून ट्रायलोबाइट या प्राचीन प्राण्यांच्या जीवाश्मांकडे वळला. खुद्द फर्मी कुटुंबाने न्यू जर्सीतील घराच्या तळघरात, कोळशाच्या कोठीखाली, नोटांची एक गुंडाळी पुरून ठेवली होती. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आपली खाती गोठवली जातील, ही त्यांची भीती. डिसेंबर १९४१ नंतर काही महिने फर्मीला प्रवासासाठी परवानगी मागावी लागे, आणि त्याच काळात तो अमेरिकेच्या सर्वांत गुप्त प्रकल्पाचे काम करीत होता. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली नियंत्रित शृंखला-प्रक्रिया यशस्वी झाली, तेव्हा दूरध्वनीवरील सांकेतिक निरोपात त्याचा उल्लेख 'इटालियन नाविक' असाच झाला. तोवर मंदगती न्यूट्रॉनांचे शास्त्र रोमच्या नियतकालिकातून उठून तिजोरीत बंद झाले होते. याला कोणी सहकार्य म्हणो. ते उघड्या पाकिटातले सहकार्य खासच नव्हते.

आता मागे राहिलेल्या माणसाकडे वळू. आमाल्दी १९३९ मध्ये अमेरिकेस जाऊन आला आणि युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबरात रोमला परतला. पुढे सैन्यात भरती होऊन आफ्रिकेत गेला, तेथून परत आला. अणुविखंडनाचे काम चालू ठेवल्यास राजवट आपल्याला युद्धकार्याला जुंपेल, हे ओळखून त्याने आणि सहकाऱ्यांनी ते काम थांबवले आणि विश्वकिरणांकडे लक्ष वळवले. जुलै १९४३ मध्ये रोमवर बॉम्ब पडले, त्यांतून विद्यापीठाचा परिसरही सुटला नाही. तेव्हा कोन्व्हेर्सी आणि पिच्चोनी या दोन तरुणांनी आपली उपकरणे व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवली. व्हॅटिकनच्या शेजारी बॉम्ब पडणार नाहीत, हा हिशेब. पुढे प्रतिकार-लढ्यातून परतलेला पांचिनी त्यांना मिळाला. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तिघांच्या प्रयोगाने दाखवून दिले की, विश्वकिरणांतील ज्या कणाला तोवर युकावाने वर्तवलेला कण समजले जात होते, तो कण निराळाच आहे. त्या निष्कर्षाचा सैद्धान्तिक अर्थ त्याच वर्षी ज्यांनी उलगडून दाखवला त्यांत शिकागोचा फर्मी होता. प्रयोग रोमचा, उकल शिकागोची. तुटलेली ओळ अशी पुन्हा सांधली गेली. पण सांधण्यासाठी दोन टोके लागतात, आणि रोमचे टोक कोणीतरी धरून ठेवले होते.

१९४६ मध्ये फर्मीने आमाल्दीला शिकागोत येण्याविषयी विचारले. आमाल्दीने नकार दिला. मोडक्या देशात, अपुऱ्या साधनांनिशी राहण्याचा हा निर्णय पुढच्या घटनांचा पाया ठरला. एकेकट्या युरोपीय देशाला यापुढे मोठी यंत्रे परवडणार नाहीत, हे त्याला उमगले होते. जून १९५० मध्ये फ्लोरेन्स येथे युनेस्कोच्या परिषदेत अमेरिकन शास्त्रज्ञ इसिडोर राबी याने प्रादेशिक प्रयोगशाळांचा ठराव मांडला, आणि फ्रान्सचा पिएर ओजे व आमाल्दी यांनी तो उचलून धरला. फेब्रुवारी १९५२ मध्ये तात्पुरती संघटना स्थापन झाली. आमाल्दी तिचा महासचिव, आणि तिचे सचिवालय रोममध्ये. २९ सप्टेंबर १९५४ रोजी बारा सदस्य देशांची 'सर्न' ही संस्था रीतसर अस्तित्वात आली. नऊ-दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकणारे देश त्या बारांत होते. लष्करी गरजांशी या संस्थेचा काही संबंध राहणार नाही आणि तिचे निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध केले जातील, हे तिच्या करारातच लिहिलेले आहे. रोमची उघडी टिपणे तिजोरीत गेलेली ज्याने पाहिली होती, त्याला या कलमाचे मोल निराळे सांगावे लागले नसणार. याच संस्थेचे महासंचालकपद २०१६ ते २०२५ या काळात फाबिओला जानोत्ती या इटालियन विदुषीने भूषविले.

अर्थात या सहकार्यालाही कुंपण होतेच. १९५० मध्ये पोंतेकोर्वो कुटुंबासह सोव्हिएत रशियात निघून गेला आणि पाच वर्षे जगाला त्याचा पत्ता लागला नाही. पांगलेल्या मेळ्यातील एक जण पुन्हा पांगला, आणि या वेळी पत्रव्यवहाराच्याही पलीकडे.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासाकडे जाणारी एक निराळी वाट आहे. नातालिया गिंझबुर्गच्या 'लेसिको फामिल्यारे' (१९६३) या पुस्तकात एक संतापी, आरडाओरडा करणारा बाप भेटतो. तो तूरिनचा शरीररचनाशास्त्रज्ञ जुझेप्पे लेव्ही. १९३८ मध्ये त्याचेही पद गेले. साल्व्हादोर लुरिया, रेनातो दुल्बेक्को आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी हे त्याचे तीन विद्यार्थी पुढे अमेरिकेत गेले आणि तिघांनाही नोबेल मिळाले. त्यांतली रीता युद्धकाळात स्वतःच्या निजायच्या खोलीत प्रयोग करीत असे, आणि पदच्युत गुरू तेथे तिचा मदतनीस झाला होता. १९४७ मध्ये ती सेंट लुइसला गेली. पण साठीच्या दशकात तिने रोममध्येही संशोधन-केंद्र काढले आणि दोन्ही शहरांत काळ विभागून काम केले. गिंझबुर्गच्या पुस्तकाचे सूत्र असे की, कुटुंब पांगले तरी घरातले ठरावीक शब्द त्याला बांधून ठेवतात. पोप, कार्डिनल, बॅसिलिस्क ही टोपणनावे मला त्याच जातीची वाटतात. सहकार्याला करार लागतो तो नंतर; आधी अशी एक खासगी भाषा लागते आणि ती एकत्र घालवलेल्या वर्षांतच घडते.

रोमच्या त्या संस्थेत तिशीच्या दशकात काही काळ केंब्रिजहून एक मुंबईकर तरुणही येऊन गेला होता. होमी भाभा त्यांचे नाव. १९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा युद्धामुळे येथेच अडकले आणि मग हेतुपूर्वक येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. आमाल्दी आणि भाभा यांची परिस्थिती वेगळी, स्वभावही वेगळे. पण परदेशी गेलेल्यांशी बोलायचे असेल तर इकडे बोलण्याजोगे काही घडत असले पाहिजे, ही जाणीव दोघांच्या कामात दिसते.

आपल्याकडे परदेशस्थ विद्वानांचे सत्कार होतात आणि ते योग्यच आहे. मात्र रोमच्या स्थानकावरचा जिनेस्त्राचा प्रश्न त्या सत्कारांत कोणी विचारत नाही: मागे राहिलेल्या वर्गाचे काय? आमाल्दीने त्याचे उत्तर शब्दांत दिले नाही. तो १९८९ मध्ये वारला, तोवर अर्धशतक तो त्याच शहरात शिकवत आणि संशोधन करत राहिला. पांगलेल्यांना पत्र कोठे धाडावे असा प्रश्न पडला नाही, याचे कारण तेच होते.