रब्बी नव्हते, तरी शास्त्र होते

सोलापूर-विजापूरच्या आदिलशाही मुलखात काजी दरबाराने नेमला जाई. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजातही काजीच होते, पण ते समाजाचेच. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’ची लग्ने, सुंता आणि तंटे तेच पाहत. बाहेरच्या यहुदी जगात योसेफ कारो यांची धर्मसंहिता ‘शुल्हान आरुख’ १५६५ मध्ये व्हेनिसला छापून निघाली. कैरोचे धर्मशास्त्री (रब्बी) डेव्हिड इब्न झिम्रा कोचीतून आलेल्या प्रश्नांवर निकाल देत होते. कोकणात मात्र ना रब्बी, ना हिब्रू पाठशाळा. म्हणून हा समाज शास्त्रावाचून जगला, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही.

समाजाची परंपरा सांगते, की डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे तऱ्हतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी यहुदी आहारनियमाला चालणारे, पर आणि खवले असलेलेच निवडले. मग त्याने झिराड, शापूर आणि राजपूरच्या तीन घराण्यांतले तिघे शिकवून तयार केले. काजीपण पुढे त्यांच्याच वंशात चालले. परंपरा ही गोष्ट इसवी सन १००० च्या सुमारास नेते, तर अनेक अभ्यासक तिचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी जोडतात. दुसरे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. पण काळ कोणताही धरा, शिकवणारा येण्याआधीच नियम चुलीपाशी पाळला जात होता, हेच ही कथा गृहीत धरते.

यावर आक्षेप निघेल, की कथा म्हणजे पुरावा नव्हे. कबूल. परंतु १७६८ च्या पत्रात कोचीच्या एझेकिएल रहाबी यांनीही या लोकांच्या शनिवारचा शब्बाथ पाळण्याची आणि ‘शमा’ ही प्रार्थना म्हणण्याची नोंद केली आहे. पुढे १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले, कोचीहून शिक्षक आले, आणि जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. ग्रंथ उशिरा आला, पण तो रुजायला जमीन तयार होती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: निकाल लिहून ठेवणारा रब्बी नसेल, तर काडीमोड आणि पुनर्विवाह शास्त्रशुद्ध झाले हे कोणी सांगावे? हीच शंका पुढे करून १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींनी, यित्झाक निस्सिम यांनी, बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या वंशावळीची चौकशी सक्तीची केली. शंका शास्त्राच्या चौकटीतली होती, हे मान्य करावे लागते. पण काडीमोड क्वचितच होणाऱ्या आणि विधवेच्या पुनर्विवाहाला नाके मुरडणाऱ्या समाजात दोष शिरायला वाव किती, हेही मोजायला हवे होते. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केल्यावर रब्बींना त्या आदेशातून समाजाचे नाव काढावे लागले.