हिंगोलीचा हरिसिंग आणि गुप्त बंधुसंघांचा प्रश्न

१/१४
पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा. हिंगोली शहरातील ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या राज्यातील एका मोठ्या लष्करी छावणीच्या या खुणा होत. सुमारे १९० वर्षांपूर्वी याच छावणीच्या बाजारात एका गुप्त बंधुसंघाचा उलगडा झाला. शपथेने बांधलेल्या आणि गुपित राखणाऱ्या संघटना समाजाच्या हिताच्या की घाताच्या, हा प्रश्न जगभर विचारला जातो. या धाग्यात आपण तो हिंगोलीपासून तपासू.

२/१४
आधी काळ समजून घेऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली. फौजा मोडल्या, हजारो शिपाई बेकार झाले, जुने आश्रयदाते गेले. रस्त्यांवर मात्र वर्दळ होती. रजेवर निघालेला शिपाई साठवलेली कमाई कमरेला बांधून चालत असे. सावकारांची रोकड माणसेच वाहून नेत. रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हते. प्रवासी कित्येक महिने घरी पोहोचला नाही, तरी तो वाटेत आजारी पडला, मेला की कुठे स्थायिक झाला, हे कळण्यास मार्ग नव्हता.

३/१४
या परिस्थितीत ठगांचे फावले. ‘ठक’ हा शब्द आपल्याकडे जुनाच. दक्षिणेत या मंडळींना ‘फासेगार’ म्हणत. वाटेत सोबत करायची, विश्वास संपादायचा आणि रुमालाने गळा आवळायचा, ही त्यांची रीत. सावज हेरणारा, गळा आवळणारा, खड्डा खणणारा अशी कामाची वाटणी असे. ‘रामासी’ नावाची सांकेतिक बोली होती, शकुनअपशकुनांचे नियम होते, गूळ वाटून खाण्याचा विधी होता. एकाच टोळीत हिंदू आणि मुसलमान दोघेही असत. एरवी हीच माणसे शेती किंवा व्यापार करीत, आणि कित्येक ठिकाणी स्थानिक जमीनदार लुटीत वाटा घेऊन त्यांना संरक्षण देत.

४/१४
हिंगोलीचा हरिसिंग हा असाच एक प्रतिष्ठित व्यापारी. छावणीतील इंग्रज अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. मुंबईहून कापड आणायचे आहे, असे सांगून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला. प्रत्यक्षात ते कापड हिंगोलीजवळच्या एका दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि तो स्वतः माल घेऊन वाटेवर होता. हरिसिंगाने त्याचा, त्याच्या नोकरांचा आणि गुरे हाकणाऱ्यांचा खून केला, सरकारी परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले नसते, तर हे कधीच कळले नसते.

५/१४
ही हकिकत लिहून ठेवली फिलिप मेडोज टेलर याने. निजामाच्या सैन्यातील हा तरुण इंग्रज अधिकारी त्या वेळी हिंगोलीस होता. त्याने लिहिले आहे की छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत, अनेक खून झाले. प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर पुरली गेली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि त्या थडग्यांतून एकेका ठिकाणी अनेक प्रेते निघाली. ती उकरताना टेलर स्वतः हजर होता.

६/१४
इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुप्त संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रानातील अंधारी गुहा येते. हिंगोलीत गुपित भर बाजारात होते आणि प्रतिष्ठा हेच त्याचे पांघरूण होते. हरिसिंगाला लपावे लागले नाही, कारण त्याच्यापाशी ओळखी होत्या आणि हाती सरकारी परवाना होता.

७/१४
टेलर दिवसचे दिवस कबुलीजबाब नोंदवीत बसे. एका साक्षीदाराने नवी नावे सांगावीत, त्या नावांचा मेळ जबलपूरच्या नोंदवहीशी घातला जावा, त्यातून आणखी माणसे पकडली जावीत, असे हे काम चाले. जबलपूरकडील मोहीम विल्यम स्लीमन चालवीत होता. या अनुभवातून टेलरने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. ती इंग्लंडमध्ये गाजली आणि ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत रुजला.

८/१४
आता दुसरी बाजू. हा पुरावा आला कुठून? मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून. म्हणजे नावे सांगितल्यामुळे ज्यांचा जीव वाचणार होता, त्यांच्याकडून. म्हणूनच स्टुअर्ट गॉर्डन, किम वॅग्नर यांसारख्या इतिहासकारांनी ‘देवीला बळी देणारा अखिल भारतीय पंथ’ या स्लीमनच्या चित्राविषयी शंका घेतली आहे. त्यांच्या मते या बहुतांशी स्थानिक टोळ्या होत्या, आणि त्यांची मुळे धर्मवेडापेक्षा बेकारीत, तुटलेल्या आश्रयात आणि जमीनदारांशी असलेल्या साट्यालोट्यात अधिक सापडतात.

९/१४
मग ठग ही निव्वळ कल्पना होती काय? नाही. हिंगोलीच्या थडग्यांतील प्रेते खरी होती. शंका त्या मृत्यूंविषयी नाही. त्यांच्याभोवती रचलेल्या कथेविषयी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. गुन्हा खरा असूनही त्याचे स्पष्टीकरण अतिरंजित असू शकते.

१०/१४
त्या कथेतून कायदा जन्मला. १८३६ च्या ३० व्या अधिनियमानुसार, माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याने अमुक एक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीतील सहभाग कायदा होण्यापूर्वीचा असो, कंपनीच्या मुलखाबाहेरचा असो, तरी हरकत नव्हती. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जण पकडले गेले. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार बनले. बाकीच्यांपैकी अनेकांना काळे पाणी किंवा जन्मठेप. शिक्षा कृत्याला नव्हे, सदस्यत्वाला, हे तत्त्व इथे रूढ झाले.

११/१४
पुढे हे तत्त्व जन्मापर्यंत पोहोचले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच ‘गुन्हेगार’ ठरवता येऊ लागल्या. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला व नंतर इतरत्र पसरला. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये डांबले गेले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. कपाळीचा शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचले की या शिक्क्याचा अर्थ कळतो. गुप्त टोळीने केलेला घात भयंकर होताच. पण तिच्या भीतीने सत्तेने केलेला घात कितीतरी पिढ्या टिकला.

१२/१४
सर्व गुप्त बंधुसंघांना मात्र सत्तेने एकच माप लावले नाही. फ्रीमेसनांचीही शपथ गुप्त, खुणा गुप्त, विधी गुप्त. ब्रिटनमध्ये १७९९ च्या कायद्याने शपथबद्ध गुप्त मंडळांवर बंदी आली, तेव्हा मेसन लॉजना सूट मिळाली. अट अशी की सदस्यांची यादी दरवर्षी सरकारदरबारी द्यावी. मुंबईत या लॉजची दारे हिंदी माणसांना बराच काळ बंद होती. माणेकजी करसेटजी यांना मेसन होण्यासाठी पॅरिस गाठावे लागले. अखेर १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी सदस्यांना घेणारे ‘रायझिंग स्टार’ लॉज निघाले. मेसनांनी दानधर्म केला, वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना एका पंक्तीला बसवले. तसेच ओळखीपाळखीचे एक बंद वर्तुळही निर्माण केले.

१३/१४
आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर उभी राहण्यापूर्वीच, निजाम सरकारने बंदी घातली. ती १९४६ मध्ये उठली. १९४७-४८ च्या निर्णायक लढ्यात स्वामी रामानंद तीर्थ आणि अनेक सहकारी तुरुंगात गेले व बाकीचे भूमिगत झाले. सीमेपलीकडे छावण्या उभारल्या गेल्या, निरोप गुप्तपणे पोहोचू लागले, करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात असलेला हिंगोलीचा मुलूख वऱ्हाडच्या सीमेलगतचाच. भूमिगतांना थारा देणाऱ्या घरांनीही गुपित राखले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्या गुप्ततेची गरज संपली; कार्यकर्ते उघड राजकारणात आले, त्यांनी आपली नावे आणि आठवणी स्वतः लिहिल्या.

१४/१४
म्हणून गुप्तता हा स्वतःहून गुणही नव्हे, दोषही नव्हे. विचारायचे ते असे: या मंडळींना एक दिवस उजेडात येऊन आपल्या कृत्यांचा जाब देता येईल काय? भूमिगत कार्यकर्त्यांची धडपड त्या दिवसासाठीच होती. मेसनांनी विधी झाकले, तरी नावे उघड केली. हरिसिंगाचा धंदा मात्र उजेड पडताच संपणारा होता. आणि तोच प्रश्न गुपित फोडणाऱ्या सत्तेलाही विचारला पाहिजे: शिक्षा माणसाच्या कृत्याला होते आहे, की त्याच्या नावाला, जातीला, संगतीला? हिंगोलीच्या थडग्यांनी पहिला प्रश्न विचारायला शिकवले, सोलापूरच्या तारेच्या कुंपणाने दुसरा. यांतला एकच विचारून थांबलो, तर इतिहास अर्धाच वाचला असे होईल.