मँडरिन मासा

मँडरिन मासा (शास्त्रीय नाव: सिंकिरोपस स्प्लेंडिडस) हा कॅलिओनिमिडी कुळातील एक लहान सागरी मासा आहे. जपानच्या र्‍यूक्यू बेटांपासून फिलिपिन्स व इंडोनेशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत, पश्चिम प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्यात तो आढळतो. १९२७ मध्ये अल्बर्ट हेरे यांनी या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. चिनी दरबारातील मँडरिन अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यांवरून त्याला हे नाव पडले. चीनमध्ये याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील खाद्यमाशाशी त्याचा संबंध नाही.

रंग

लांबी जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटर. परंतु निळ्या अंगावर नारिंगी व हिरव्या रंगांची नागमोडी नक्षी असते. त्याचा निळा रंग विशेष अभ्यसनीय आहे. मोरपिसासह प्राणिसृष्टीतील बहुतेक निळाई ही रंगद्रव्यामुळे नव्हे, तर सूक्ष्म रचनेवरून होणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनामुळे दिसते. मँडरिन माशाच्या त्वचेतील पेशींत मात्र खरेखुरे निळे रंगद्रव्य असते. अशी उदाहरणे फारच थोडी आहेत. अंगावर खवले नसतात. त्याऐवजी दुर्गंधीयुक्त, विषारी बुळबुळीत स्रावाचा जाड थर असतो. भडक रंग हा भक्षकांना दिलेला इशारा असावा, असे मानले जाते.

अधिवास व प्रजनन

प्रवाळभित्तीच्या आतील शांत, उथळ पाण्यात, मृत प्रवाळांच्या ढिगाऱ्यांत तो राहतो. दिवसभर तळावर सरपटल्यासारखा फिरत तो अतिसूक्ष्म कवचधारी जीव, कृमी व माशांची अंडी टिपतो. सूर्यास्ताच्या सुमारास नर-मादी एकमेकांना चिकटून वर येतात, पाण्यात अंडी व शुक्राणू सोडतात आणि क्षणार्धात खाली परततात. अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात. पालक त्यांची राखण करीत नाहीत. माद्या मोठ्या नरांची निवड करतात.

व्यापार

मत्स्यालयांसाठी ग्राहकही मोठे, लांब पृष्ठपराचे नरच मागतात. फिलिपिन्समध्ये कोळी बारीक सुईसारख्या भाल्याने ते पकडतात. त्यामुळे प्रजननास सर्वांत उपयुक्त नरच आधी नाहीसे होतात. पकडलेल्यांचे पुढे काय होते, हेही दुःखद आहे: जिवंत भक्ष्य सतत टिपण्याची सवय असलेला हा मासा बहुधा तयार खाद्याला तोंड लावत नाही आणि काचेच्या पेटीत उपासमारीने मरतो. बंदिवासात पैदास केलेले, तयार खाद्याला सरावलेले मासेही आता विक्रीस येतात.