लाल की हिरवं?

"मामा, लाल घेऊ की हिरवं?"

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं शर्टाबद्दल विचारतोय. मग उलगडा झाला. साहेब गेमिंगचा पीसी जोडतायत आणि प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा आहे. लाल म्हणजे एएमडीचं रेडिऑन, हिरवं म्हणजे एनव्हिडियाचं जीफोर्स. त्याच्या कॉलेजात म्हणे यावरून दोन तट पडलेत आणि दोन्ही तटांतले लोक एकमेकांना येडे समजतात.

ताईचं घर कुंभारीला, गोदूताई परुळेकर विडी घरकुलात. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्कलकोट रोडवरची ही विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापूरला आले आणि त्यांच्या हस्ते ही घरं बायकांना मिळाली. ताई अजूनही विड्या वळते. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणतो "पाचच हजारांचा फरक आहे की मामा", तेव्हा मी मनातल्या मनात त्या पाच हजारांच्या विड्या करून बघतो. आईची सवय, मलाही लागली. तेव्हा "तुला आवडेल ते घे" असं सांगून फोन ठेवणं काही जमेना. मी त्याला इतिहास सांगायला सुरुवात केली. (बिचारा!)

लाल-हिरव्याच्या आधी एक तिसरीच कंपनी राजा होती. थ्रीडीएफएक्स. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या इंजिनियर मंडळींनी १९९४ साली काढलेली. १९९६ मध्ये त्यांचं व्हूडू आलं आणि पीसीवरचे गेम एका रात्रीत बदलले. कार्ड मोठं मजेशीर होतं. ते फक्त थ्रीडी चित्रं काढायचं. साधा डेस्कटॉप दाखवायला तुमचं जुनं कार्ड लागायचंच, आणि त्या दोघांच्या मध्ये मागच्या बाजूने एक केबल लावायची. म्हणजे एका कॉम्प्युटरला दोन कार्डं, आणि तरी लोक आनंदाने घ्यायचे. त्याच वर्षी मेमरीचे भाव कोसळले होते, म्हणून हे कार्ड सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं, नाहीतर नसतंच आलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं पुण्यात हॉस्टेलवर, एका सीनियरच्या खोलीत. क्वेकमधलं पाणी आरपार दिसत होतं. आम्ही सातआठ जण नुसते पाणी बघत उभे!

पण व्हूडूची खरी ताकद चिपमध्ये नव्हती, ती ग्लाइडमध्ये होती. ग्लाइड म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची भाषा, आणि ही भाषा फक्त थ्रीडीएफएक्सच्याच कार्डाला कळायची. गेमवाल्यांना ती सोपी वाटली, वेगवान वाटली, त्यांनी तिच्यात गेम लिहिले. १९९८ साली अनरिअल आला तेव्हा खरा खुलायचा तो ग्लाइडवरच. मग गिऱ्हाईक दुसऱ्याचं कार्ड कशाला घेईल?

तिकडे एनव्हिडियाची अवस्था काय होती? १९९३ साली जेन्सन हुआंग आणि त्याच्या दोन मित्रांनी काढलेली कंपनी. १९९५ चं पहिलं कार्ड एनव्ही-१ सपशेल आपटलं. सगळं जग त्रिकोण जोडून आकार बनवायच्या मागे लागलेलं असताना यांनी वक्र चौकोनांवर पैसा लावला होता. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी त्रिकोणांच्या बाजूने उभं राहिलं आणि विषय संपला. सेगाने पैसे दिले म्हणून कंपनी तगली. १९९७ चं रिव्हा १२८ चाललं नसतं तर आज हिरवा रंग कुणाला आठवला नसता. पण त्या फटक्यातून ते एक गोष्ट शिकले असावेत असं मला वाटतं. स्वतःची भाषा चालवायची तर आधी बाजारात आपलं वजन पाहिजे, तोपर्यंत गुमान सगळ्यांच्या भाषेत बोलायचं. रिव्हा, टीएनटी, मग १९९९ चं जीफोर्स २५६, सगळे डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएल बोलणारे.

थ्रीडीएफएक्सने मात्र डिसेंबर १९९८ मध्ये एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. आता चिपही आम्हीच, कार्डही आम्हीच. झालं, इतके दिवस यांच्या चिपवर कार्डं बनवून विकणारे बाकीचे उत्पादक एनव्हिडियाच्या दारात गेले. गेमवालेही हळूहळू डायरेक्टथ्रीडीकडे सरकले आणि ग्लाइडची किंमत उतरली. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियानेच विकत घेतली. चार वर्षांत राजाचा रंक.

"मग हिरवंच घेतो की," भाचा म्हणाला.

थांब बाबा. २००२ साली कॅनडाच्या एटीआयने रेडिऑन ९७०० प्रो काढलं आणि एनव्हिडियाची झोप उडवली. त्याला उत्तर म्हणून २००३ मध्ये आलेलं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा उशिरा आलं, तापायचं, आणि त्याचा पंखा इतका ओरडायचा की खुद्द एनव्हिडियाच्याच लोकांनी स्वतःची टिंगल करणारा व्हिडिओ बनवला. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली, जवळजवळ साडेपाच अब्ज डॉलरला. २००८ साली रेडिऑन ४८७० इतकं स्वस्त आणि मस्त निघालं की एनव्हिडियाला जीटीएक्स २८० ची किंमत काही आठवड्यांत ६४९ डॉलरवरून ४९९ वर आणावी लागली. ज्यांनी पहिल्याच दिवशी रांग लावून घेतलं त्यांचं काय झालं असेल! ब्रँडवर प्रेम करणाऱ्यांची ही अशी कदर होते.

(आणि गंमत म्हणजे या भांडणात भाऊबंदकीही आहे. एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांचे आजोबा हे जेन्सन हुआंगचे सख्खे मामा. ही गोष्ट भाच्याला फारच आवडली.)

भाचा काही कच्चा नाही. सगळं ऐकून म्हणाला, "मामा, पण तो ग्लाइड म्हणताय तसलंच आता कूडा आहे की. ते कुठं बुडालंय?"

इथे मी अडकलो. खरंय. २००६ च्या शेवटी जाहीर झालेलं कूडा हेही फक्त एनव्हिडियाच्याच कार्डावर चालतं. फरक एवढाच की ते गेमसाठी नव्हतं, आकडेमोडीसाठी होतं, आणि कंपनीने वर्षानुवर्षं तोटा-फायदा न बघता ते पोसलं. पुढे एआयवाल्यांनी त्यावरच घर बांधलं. पुण्याच्या सीडॅकने २०२० मध्ये उभा केलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्याच ए१०० वर चालणारा, त्या वर्षी जगात ६३ वा आला होता. म्हणजे कुलूप तेच, पण या खेपेला टिकलं. मी इतिहास सांगून पोराला शहाणं करायला निघालो होतो, आणि इतिहासाने दोन्ही बाजूंनी साक्ष दिली.

म्हणून सरळ विचारलं, तू करणार काय त्याच्यावर? "गेम. आणि ब्लेंडर शिकायचंय, सुट्टीत." बजेटात दोनच कार्डं बसत होती, दोन्ही २०२३ सालची, दोन्ही ८ जीबीची. रेडिऑन आरएक्स ७६०० आणि जीफोर्स आरटीएक्स ४०६०. नुसते गेम असते तर मी लाल सांगितलं असतं, डोळे झाकून. त्या किमतीत तेच परवडतं. ब्लेंडरच्या रेंडरिंगमध्ये मात्र हिरव्याचा हात धरणारा नाही.

तेवढ्यात ताईने फोन घेतला. मागे सुपाचा आवाज येत होता. "ते सगळं राहू दे रे. लाइट किती खातंय ते सांग."

इतका वेळ हा प्रश्न दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. बघितलं. लाल १६५ वॉट, हिरवं ११५. पन्नास वॉटचा फरक, रोज चार तास धरले तर महिन्याला सहा युनिट. त्यात सोलापूरचा मे महिना आणि ताईची ती एकच खोली, जिथे ती दिवसभर विड्या वळत बसणार. पन्नास वॉट म्हणजे खोलीत तेवढी जास्तीची उष्णता, वर्षभर. ताई म्हणाली, "मग कमी खाणारं घे म्हणाव. वरचे पैसे मी देते."

यादी मीच करून पाठवली. सगळ्यात वर एसएमपीएस, चांगला, पावती आणि वॉरंटीसकट. २००४ साली पहिल्या पगारातून घेतलेल्या माझ्या कार्डावर मी रिव्ह्यू वाचून वाचून महिना घालवला होता आणि एसएमपीएस घेतला होता कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. सहाव्या महिन्यात, भर जेवणाच्या वेळी, फट् असा आवाज आला होता आणि घरभर वास. आईने आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला होता.