ग्राफिक्स कार्डच्या स्थिरता-चाचणीचा इतिहास : ‘चालते’ पासून ‘बरोबर चालते’ पर्यंत

प्रास्ताविक

भिंगार हे अहिल्यानगर शहराला व तेथील लष्करी छावणीला लागून असलेले गाव. यंत्रांची कसोटी पाहणे या परिसराला नवीन नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण देणारे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथे आहे, तसेच संरक्षण संशोधन व विकास संघटनेची ‘व्हीआरडीई’ ही वाहनविषयक प्रयोगशाळाही येथेच आहे. वाहन सुरू झाले एवढ्यावर तेथे कोणी समाधान मानत नाही. चढावर व खडबडीत रस्त्यावर ते किती टिकते हे पाहिले जाते. हाच प्रश्न आज विद्यार्थ्याच्या गेमिंग लॅपटॉपबाबत उपस्थित होतो. त्यातील ग्राफिक्स कार्डची गती उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे वाढविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वाढविलेल्या गतीवर ते कार्ड विश्वासार्ह राहते किंवा नाही, हे ठरविण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

राखीव अंतर आणि डोळ्यांनी केलेली परीक्षा

एकाच सिलिकॉन चकतीवरील सर्व चिप सारख्या गुणवत्तेच्या निघत नाहीत. त्यामुळे त्यांतील दुबळी चिपदेखील जास्त तापमानात दीर्घकाळ चालेल अशी गती उत्पादक जाहीर करतो. चांगल्या चिपमध्ये त्यामुळे काही अंतर शिल्लक राहते. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालविता येतो हे अनेकांनी अनुभवले आणि हौशी वापरकर्त्यांमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा प्रसार झाला. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणून ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला आणि हीच हौस ग्राफिक्स कार्डकडेही वळली.

आरंभीची परीक्षा साधी होती. गती थोडी वाढवायची, खेळ सुरू करायचा आणि पडद्यावर रंगीत ठिपके वा तुटक रेषा दिसल्या किंवा संगणक गोठला, तर एक पायरी मागे यायचे. १९९८ मध्ये आलेल्या ‘थ्रीडीमार्क’ने तुलनेसाठी समान माप दिले, तर २००७ मधील ‘फरमार्क’ने कार्डला कमाल उष्णतेपर्यंत नेणारा भार दिला. तरीही निकष एकच होता : कार्ड बंद पडले नाही, म्हणजे ते उत्तीर्ण.

उत्तराची पडताळणी

याच काळात गणिती संगणनात अधिक कठोर कसोटी आकार घेत होती. मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘गिम्प्स’ प्रकल्पाच्या ‘प्राइम९५’ या प्रणालीतील चाचणी संगणकाचे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. संगणक सुरळीत चालत असूनही चुकीचे उत्तर देत असेल, तर ते येथे उघड होते. जगातील महासंगणकांच्या क्रमवारीसाठी १९९३ पासून वापरल्या जाणाऱ्या लिनपॅक चाचणीतही गतीबरोबर उत्तरातील त्रुटी तपासली जाते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम पद्म’ २००३ मध्ये या क्रमवारीत १७१ व्या, तर टाटा समूहाचा पुण्यातील ‘एका’ २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप्स गतीसह चौथ्या स्थानी होता.

२००७ मध्ये एनव्हिडियाची ‘कुडा’ प्रणाली उपलब्ध झाली आणि खेळासाठी बनलेले कार्ड शास्त्रीय गणनेत शिरले. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये ६३ व्या क्रमांकावर आला, तो ग्राफिक्स प्रोसेसरांच्याच बळावर. येथे कसोटीचा अर्थ बदलला. खेळातील चुकीचा ठिपका क्षणार्धात पुसला जातो. गणनेतील चुकीचा अंक मात्र पुढील प्रत्येक पायरीत मिसळतो आणि शेवटी निष्कर्षात जाऊन बसतो.

इम्रान हक व विजय पांडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. नियंत्रित वातावरणातील कार्डांमध्ये त्यांना स्मृतिदोष आढळले नाहीत. परंतु ‘फोल्डिंग@होम’ प्रकल्पातील स्वयंसेवकांच्या हजारो संगणकांवर तीच चाचणी घेतली असता सुमारे दोन-तृतीयांश कार्डांमध्ये ते आढळले. प्रयोगशाळेतील प्रमाणपत्र वापराच्या जागी पुरेसे ठरत नाही, हा त्याचा बोध होय.

लॅपटॉपची अडचण

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप अरुंद जागेत असतात आणि बहुधा एकाच शीतलन व्यवस्थेवर अवलंबून असतात. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी चिपचे जोड थकतात. २००८ मध्ये लॅपटॉपमधील काही चिपच्या सदोष जोडणी-साहित्यापोटी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. २०१२ पासून ‘जीपीयू बूस्ट’मुळे कार्ड उपलब्ध तापमान व वीज पाहून स्वतःच गती बदलू लागले. २०१५ च्या आरंभी एनव्हिडियाने लॅपटॉपमधील ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरद्वारे रोखले आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर ते पुन्हा खुले केले. यंत्राची मर्यादा मालकाने ठरवावी की उत्पादकाने, हा वाद त्यातून पुढे आला.

भिंगारच्या उन्हाळ्यातील हिशेब

चिपची उष्णता ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वारंवारता १० टक्के व व्होल्टेज ५ टक्के वाढविल्यास उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. चिपची तापमान-मर्यादा ८७ अंश सेल्सिअस मानली, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ६२ अंशांचा वाव मिळतो. भिंगारमध्ये उन्हाळी दुपारी खोलीत ४० अंश असल्यास तो ४७ अंशांवर येतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळजवळ एक-चतुर्थांश घटते. डिसेंबरच्या रात्री उत्तीर्ण झालेला लॅपटॉप मे महिन्यात अनुत्तीर्ण ठरणे म्हणूनच स्वाभाविक आहे.

विश्वासार्ह चाचणीची रीत यातूनच निघते. प्रथम मूळ गतीवरील गुण व तापमान नोंदवावे. त्यानंतर चिप व स्मृती यांची गती एकाच वेळी न वाढविता, एकेकीची लहान पायऱ्यांनी वाढवावी. जीडीडीआर५ आणि त्यानंतरच्या अनेक स्मृतिप्रकारांत दोष ओळखून माहिती पुन्हा पाठविण्याची सोय असते. त्यामुळे गती वाढवूनही गुण घटले, तर दोष दडलेला आहे असे समजावे. ‘थ्रीडीमार्क’च्या ताण-चाचणीत २० आवर्तने होतात व ९७ टक्के सातत्य उत्तीर्णतेसाठी लागते; मात्र तिच्या जोडीला उत्तर पडताळणारी स्मृति-चाचणीही हवी. ही सर्व परीक्षा वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांत, नेहमीच्या जागी पुन्हा घ्यावी.

निष्कर्ष

स्थिरता-चाचणीचा इतिहास हा निकष कठोर होत जाण्याचा इतिहास आहे. ‘बंद पडत नाही’ या निकषाची जागा प्रथम ‘उत्तर बरोबर येते’ या निकषाने घेतली आणि पुढे ‘वापराच्या ठिकाणी, वापराच्या ऋतूत बरोबर येते’ ही अट त्याला जोडली गेली. कोणतीही चाचणी स्थिरता सिद्ध करीत नाही. तेवढ्या काळात दोष सापडला नाही, इतकेच ती सांगते. आज ग्रामीण व निमशहरी भागांतील अनेक विद्यार्थी कुटुंबाच्या बचतीतून घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपवरच आपले प्रकल्प पूर्ण करतात. त्यांनी सादर केलेल्या निष्कर्षांबरोबर यंत्र मूळ गतीवर होते की वाढविलेल्या, याची नोंद मागण्याची प्रथा महाविद्यालयांनी सुरू करणे उचित ठरेल. दहा टक्के गतीसाठी उत्तराचीच खात्री गमावणे हा संशोधनात परवडणारा व्यवहार नाही.