भुकेचे दप्तर

१८७६ ते १८७८ या काळात म्हैसूर संस्थानावर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्या वेळी संस्थानाचा कारभार बंगळुरात बसलेल्या इंग्रज चीफ कमिशनराच्या हाती होता, आणि अन्नछत्राच्या दारी आलेला मनुष्य किती खंगला आहे याचा निवाडा बहुधा अंमलदाराची नजरच करीत असे. १८७१ च्या खानेसुमारीत ५०,५५,४१२ असलेली संस्थानची लोकसंख्या १८८१ मध्ये ४१,८६,१८८ भरली, यावरून त्या नजरेचे, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या तिजोरीचे, मोल कळते. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य पुरेसे ठरविले. मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश याने निदान दीड पौंडाचा आग्रह धरला. उभयतांचा वाद शिध्याच्या वजनावर चालला होता. तो शिधा अपुरा पडला म्हणजे देहात काय घडते, हे जिवंतपणी पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. मद्रासेत डॉ. अलेक्झांडर पोर्टर याने दुष्काळात मेलेल्यांचे अवयव तोलून नोंदी ठेवल्या खऱ्या, पण ते ज्ञान मृताच्या काय कामाचे?

जिवंत देहातही भुकेची खूण उमटते, ती अशी: यकृतातील साखरेचा साठा सुमारे एका दिवसात आटला की देह चरबी मोडू लागतो, आणि त्या चरबीतून यकृत केटोन नावाची द्रव्ये सिद्ध करते. १९०८ साली रोथेरा याने मूत्रातील केटोन जांभळ्या रंगाने ओळखण्याची जी परीक्षा प्रचारात आणली, ती आपल्याकडील वैद्यकाचे विद्यार्थी अद्यापि करतात.

बंगळुरात, लोक ज्यास टाटा इन्स्टिट्यूट म्हणत त्या भारतीय विज्ञान संस्थेत, पुढे अन्नाचे रसायन अभ्यासिले जाऊ लागले. तेथे १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दाखल झाल्या. केवळ स्त्री म्हणून संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रथम नकार दिला होता, ही गोष्ट त्या थोर शास्त्रज्ञास मुळीच शोभली नाही. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. गरिबाच्या ताटातील डाळीत शरीरास लाभणारे नेमके किती, हा प्रश्न टेंपलच्या पौंडापेक्षा कितीतरी सूक्ष्म होता.

१९४८ च्या जानेवारीत दिल्लीतील अखेरच्या उपोषणात गांधीजींच्या मूत्रात ॲसिटोन हे केटोन आढळले, तेव्हा डॉक्टर चिंतातुर झाले. परंतु केटोन हे केवळ विष नव्हे. १९६७ मध्ये बोस्टन येथे ओवेन, केहिल प्रभृतींनी दाखविले की, दीर्घ उपवासात मेंदू आपले बहुतांश इंधन केटोनांपासूनच घेतो आणि त्यामुळे स्नायूंचा नाश मंदावतो. शिवाय उपवासात रक्तात ज्या केटोनाचे आधिक्य असते, ते रोथेराच्या परीक्षेस दिसतच नाही. म्हणून रक्ताचा थेंब तपासणे अधिक विश्वसनीय ठरले.

बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात पूर्वी काम केलेल्या प्रकाश शेट्टी यांनी जेम्स यांच्यासह १९९४ मध्ये, उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून प्रौढांचे कुपोषण ओळखण्याची १८.५ ही मर्यादा जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी विवेचिली. हा आकडा वर्षानुवर्षांची उपासमार सांगतो. खाटेवरील रुग्ण गेल्या चार दिवसांत जेवला की नाही, हे तो सांगत नाही. तेथे रक्तातील केटोन उपयोगी पडतात, मात्र ते सावधपणे वाचावे लागतात. मधुमेहात ते उपासाविनाही चढतात. उलट गंभीर जंतुसंसर्गात किंवा मोठ्या दुखापतीत ते अपेक्षेइतके वाढत नाहीत आणि स्नायू मात्र झपाट्याने झिजतात, म्हणजे आकडा लहान असूनही हानी मोठी असते. सलाईनचाही भ्रम असाच आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या एका लिटरात साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. तेवढ्या साखरेने केटोन दबू शकतात, पण पोषण होत नाही. नातलग मात्र बाटली लटकलेली पाहून निश्चिंत होतात. ज्यांचे माणूस रुग्णालयात आहे त्यांनी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्याच्या पोटात कधीपासून अन्न गेलेले नाही, हे आपणहून सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावयास लावावे.